ब्रिटिश सैनिकांनी पदरच्या पैशाने घेतलेले लढाऊ सुरे जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘प्रायव्हेट पर्चेस’ म्हणजे नेमकं काय?

ज्या सुऱ्याचे पैसे सरकारने भरले नाहीत, तो. पैसे कधी कमरेला लावणाऱ्याने भरले, कधी त्याच्या वडिलांनी, कधी एखाद्या धनिकाने अख्ख्या पलटणीसाठी. संग्राहकांच्या बोलण्यात हाच इंग्रजी शब्द रुळलाय, म्हणून इथेही तोच ठेवतो. सरकारी कोठारातला सुरा सहीने मिळायचा आणि हिशेबाने परत जायचा. दुकानातून घेतलेला सुरा माणसाबरोबर घरी यायचा, आणि माणूस परतला नाही तर पुष्कळदा त्याच्या सामानाबरोबर. या सगळ्या छंदाचं मोल त्या एका फरकात आहे. सरकारी सुरा बघून तुम्हाला खात्याचा निर्णय कळतो. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या सुऱ्यात एका माणसाची निवड असते: हाच का, एवढाच लांब का, मुठीवर नाव का कोरून घेतलं.

सरकार शस्त्र देत होतं, मग लोक विकत का घेत होते?

ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याने आपली तलवार, पिस्तूल, दुर्बीण, गणवेश स्वतः घ्यायचा ही जुनी रीत होती. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर विल्किन्सन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीचं दुकान होतं, आर्मी अँड नेव्हीचं मोठं भांडार होतं. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळालेला पोरगा घरच्यांबरोबर तिथे जायचा आणि यादी हातात धरून सामान घ्यायचा. त्या यादीत सुरा नसला तरी दुकानाच्या कपाटात असायचा.

दुसरं कारण खंदक. 1907 नमुन्याच्या संगिनीचं पातंच 17 इंच, ते रायफलीला लावलं की माणसाच्या उंचीचं भालं व्हायचं. मोकळ्या मैदानात ठीक. पण पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर रात्री शत्रूच्या खंदकात शिरून छापे घालायला सुरुवात झाली, तिथे दोन माणसं शेजारून जाताना खांदे घासायचे. तेवढ्या जागेत रायफल फिरवता येत नव्हती आणि गोळी झाडली तर सगळा खंदक जागा व्हायचा. सैन्याने यासाठी मोठ्या प्रमाणावर वेगळा सुरा दिलाच नाही. मग माणसांनी स्वतः सोय केली. कुणी संगीन कापून आखूड केली, कुणी पलटणीच्या लोहाराकडून सळईचा टोच्या करून घेतला, आणि ज्याच्या खिशात पैसे होते त्याने दुकान गाठलं. मला स्वतःला त्या कापलेल्या संगिनी फार भिडतात. त्यांत दिखाऊपणा नाही, फक्त गरज आहे. पण त्यांतलं खरं-खोटं ठरवणं सगळ्यात अवघड, म्हणून नव्या माणसाने तिथून सुरुवात करू नये.

पहिल्या महायुद्धातले कोणते सुरे शोधावेत?

दोनांबद्दल सांगतो.

पहिला रॉबिन्सचा. इंग्लंडच्या मध्य भागातल्या डडली गावातल्या या धातुकाम करणाऱ्या कारखान्याने मुठीत धरून पुढे ठोसा मारावा तसे सुरे केले. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव मूठ, बोटांना जागा, आणि मुठीच्या पुढे नाकासमोर निघालेलं पातं. हातात धरला की मराठी माणसाला कट्यार आठवल्याशिवाय राहत नाही. घडण वेगळी आहे, पण पातं मनगटाच्या रेषेत ठेवून खांद्याचं बळ टोकापर्यंत न्यायचं हे तत्त्व तेच. अनेकांवर कारखान्याचं आणि गावाचं नाव ओतीव अक्षरांत असतं. मूठ मऊ धातूची असल्यामुळे खऱ्या सुऱ्यावर बारीक ठेचा आणि करडी, मंद झळाळी दिसते. लख्ख चांदीसारखी मूठ दिसली तर कुणीतरी पॉलिश केलंय, किंवा ती मूठ जुनी नाहीच.

दुसरा वेल्श सुरा. खरं तर छोटी तलवारच: झाडाच्या पानासारखं रुंद पातं आणि घडी घालता येणारी परज, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली हाताची आड. फेलिक्स जुबेर याने 1916 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लॉर्ड हॉवर्ड डी वॉल्डन या उमरावाने रॉयल वेल्श फ्युझिलियर्सच्या नवव्या पलटणीसाठी ते करून घेतले. पात्यावर वेल्श भाषेत ‘ड्रॉस उर्दास कुम्री’ असं कोरलेलं असतं, म्हणजे वेल्सच्या सन्मानासाठी. एका माणसाने पलटणीसाठी मोजलेले पैसे, त्या मातीच्या भाषेतली ओळ आणि जुन्या केल्टिक तलवारींची आठवण देणारं पातं, हे सगळं एकत्र येतं. फार थोडे केले गेले, बाजारात क्वचित येतात, आणि येतात तेव्हा नकलाही बरोबर असतात.

फेअरबर्न-साइक्स हा कमांडोंचा सुरा तर सरकारी ना? तो या संग्रहात कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स यांनी शांघायच्या पोलिसांत बरीच वर्षं काढली होती. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आल्यावर, 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये कमांडो दल उभं राहिलं. हे दोघे तेव्हा परतले होते आणि स्कॉटलंडमधल्या लोखैलॉर्टच्या केंद्रात हातघाईची लढाई शिकवत होते. नोव्हेंबर 1940 मध्ये ते विल्किन्सन कंपनीकडे गेले आणि तिथे या सुऱ्याचा आराखडा पक्का झाला. 1941 च्या सुरुवातीपासून सुरे बाहेर पडले. सरकारने मागणी नोंदवली हे खरं, पण कंपनी खासगी गिऱ्हाइकालाही विकत होती, आणि हवं तर पात्यावर मालकाचं नाव तेजाबाने कोरून देत होती. म्हणजे एकाच साच्याचे दोन जन्म: एक कोठारातला, एक दुकानातला.

तीन नमुने ओळखायला शिका. पहिल्याची परज नागमोडी, इंग्रजी एस अक्षरासारखी, आणि पातं मुठीला भेटतं तिथे एक सपाट चौकोन. त्या चौकोनावर एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला सुऱ्याचं. मूठ पितळेची, बारीक खवल्यांची, बहुधा निकेलचा मुलामा दिलेली. दुसऱ्या नमुन्यात परज सरळ झाली आणि सपाट चौकोन गेला. ज्याला उत्पादन वाढवायचंय तो असंच करणार, घासाघिशीचं काम कमी. तिसऱ्यात, 1943 च्या सुमारास, मूठच ओतीव मिश्रधातूची झाली, त्यावर ओळीने गोल कडी. हा युद्धानंतरही बनत राहिला, त्यामुळे जगात सगळ्यात जास्त तोच सापडतो.

खासगी खरेदीच्या दृष्टीने पहिला नमुना सर्वांत गोड. त्या काळात पाती हाताने घासलेली असत, म्हणून मधली कणा-रेषा थोडी हलते. दोन सुरे शेजारी ठेवले तर जुळी भावंडं दिसतात, पण एकसारखी नाहीत. यंत्रासारखी काटेकोर रेषा दिसली की मी सुरा खाली ठेवतो.

सरकारी बाण नसेल तर सुरा खोटा का?

उलट. तो बाण म्हणजे सरकारी मालमत्तेवर ठोकलेली बाणाच्या आकाराची खूण. पदरच्या पैशाने घेतलेल्या सुऱ्यावर तो असण्याचं कारणच नाही. पण बाणामुळे भाव चढतो, म्हणून विक्रेते नंतर ठोकून घेतात. भिंग घ्या आणि बाणाच्या खोबणीत बघा. पात्यावर गंजाचे खड्डे आहेत, पण ठशाच्या आतला धातू स्वच्छ आहे, तर ठसा गंजानंतरचा. खड्डा ठशाच्या कडेवरून सलग आत उतरलेला दिसला तर ठसा आधीचा.

माझी पहिलीच मोठी खरेदी अशी फसली. बाण होता, तपासनिसाचा मुकुटाचा ठसा होता, आणि म्यानावर एका तुकडीचं नाव शाईने लिहिलेलं. विक्रेत्याने गोष्टही लांबलचक सांगितली होती. घरी आणून दिवसाच्या उजेडात भिंग लावलं तेव्हा मुकुटाच्या आतलं पोलाद नव्या खिळ्यासारखं चमकत होतं. सुरा युद्धकाळातला होता, खासगी होता, आपल्या जागी चांगला होता. त्याला खोट्या खुणा देऊन कुणीतरी त्याचा खरा इतिहास पुसला. पैसे गेल्याचं मी विसरलो. हे मात्र अजून लागतं.

‘इंग्लंड’ किंवा ‘शेफील्ड’ लिहिलंय, म्हणजे युद्धानंतरचा ना?

असं सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेने 1890 च्या कायद्यात आयात मालावर देशाचं नाव मागितलं, तेव्हापासून सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेल्या शेफील्ड या इंग्लिश शहरातले कारखाने निर्यातीच्या मालावर ‘इंग्लंड’ ठोकत आले. नुसत्या त्या शब्दावरून काळ ठरत नाही. तो शब्द, कारखान्याची खूण, मुठीची जात आणि म्यान, हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघा. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कारखान्याच्या पात्यावर तारा आणि माल्टीज क्रॉस असतो, बऱ्याचदा राजाची आद्याक्षरंही; ती राजवटीचा काळ सांगतात. विल्यम रॉजर्स नावाच्या तिसऱ्या नमुन्यातल्या सुऱ्यांवर ‘आय कट माय वे’ हे घोषवाक्य दिसतं, त्यातले पुष्कळ युद्धानंतरचे. दोन रॉजर्स वेगळे आहेत, नवीन लोक इथे नेहमी गोंधळतात.

पात्यावर नाव आहे. त्या माणसाचा शोध कसा घ्यायचा?

हे या छंदाचं काळीज आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नाव, हुद्दा आणि पलटण जशी कोरली आहे तशी कागदावर उतरवा, स्वतःच्या मनाने दुरुस्त करू नका. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) 339 आणि डब्ल्यूओ 374 या मालिकांमध्ये आहेत. पदकांची कार्डं डब्ल्यूओ 372 मध्ये, पलटणींच्या रोजनिशा डब्ल्यूओ 95 मध्ये. बढत्या आणि नेमणुका लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापल्या जात. माणूस मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत त्याची कबर किंवा स्मारकावरचं नाव सापडतं. साध्या शिपायाचा शोध मात्र अडतो, कारण सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात त्यांच्या फायलींचा मोठा भाग जळाला. वाचलेले कागद ‘जळकी कागदपत्रं’ म्हणूनच ओळखले जातात.

आता मुख्य मुद्दा. अभिलेखात तो माणूस सापडला म्हणजे सुरा त्याचा ठरला असं नाही. खोटं करणाराही त्याच यादीतून नाव उचलतो, आणि बहुधा गाजलेलं उचलतो. म्हणून मी अप्रसिद्ध नावावर जास्त विश्वास ठेवतो. ज्याने पदक मिळवलं नाही, ज्याचा छापा इतिहासात नाही, त्याचं नाव कोरून कुणाला काय मिळणार? कोरणी तेजाबाची असेल तर कडा किंचित मऊ असतात. लेसरची रेषा सगळीकडे सारख्या खोलीची, तळाशी करपल्यासारखी दिसते.

आणि वस्तूची साखळी मागा: हा सुरा घरातून कुणी विकला, कोणत्या लिलावात, पावती आहे का. साताऱ्यात जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं आली तेव्हा महाराष्ट्रात हीच चर्चा घरोघरी झाली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती, त्याच्या वंशजांकडून संग्रहालयात गेली, पेटीवर मजकूर आहे. इथपर्यंत साखळी सांगता येते. तीच वाघनखं अफझलखानाच्या वेळची का, हे सिद्ध करता येत नाही असं संग्रहालयानेच स्पष्ट म्हटलं. श्रद्धा आणि पुरावा यांच्यातली रेघ जिथली तिथे ठेवणं म्हणजे वस्तूचा मान राखणं. आपल्या कपाटातल्या सुऱ्यालाही तोच न्याय लावा. चिठ्ठीवर लिहा: एवढं कागदोपत्री, एवढं ऐकीव.

मूठ ओतीव पितळेची, बोटांत घालायच्या कड्यांची आहे. हा काय प्रकार?

दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत उभ्या राहिलेल्या मिडल ईस्ट कमांडोंशी हा नमुना जोडला जातो. त्यांनी या सुऱ्याचं चित्रच टोपीवरच्या बिल्ल्यावर घेतलं होतं. या तुकड्यांपैकी 51 कमांडो 1941 मध्ये आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या मोहिमेत होती, आणि त्याच मोहिमेत केरेनच्या डोंगरावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण लढली. सातारा-कोल्हापूरकडची ज्यांची मुळं आहेत त्यांना हा सुरा म्हणूनच परका वाटत नाही. ब्रिटनमध्येही असाच ‘बी. सी. 41’ नावाचा ओतीव कड्यांचा सुरा झाला. दोन्हींच्या नकला खूप आहेत, कारण ओतकाम सोपं. कायद्याची अडचणही यांनाच, त्याबद्दल पुढे.

आपल्याकडच्या कारागिरांकडून हे लोक सुरे घेत होते का?

घेत होते, आणि आवडीने. महायुद्धांच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, हिंदुस्थानातला गोरा अधिकारी शिकारीचा आणि मोहिमेचा सुरा एकच ठेवायचा. विल्किन्सनने कर्नल शेक्सपिअर याच्या नावाचा सुरा विकला, तो अशाच शिकारी अधिकाऱ्याच्या अनुभवातून आलेला. पण जाणकार मंडळी लंडनवर अवलंबून नव्हती. औरंगाबादचा बोदराज आणि सेलमचा अरुणाचलम ही दोन नावं तेव्हा पात्यांसाठी आणि डुकराच्या शिकारीच्या भाल्यांसाठी प्रसिद्ध होती. पात्यावर रोमन अक्षरांत बोदराजचं नाव आणि जुन्या स्पेलिंगमध्ये औरंगाबाद असं कोरलेलं आजही लिलावात दिसतं.

मराठी संग्राहकाने याच्या मागे लागावं असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडचे संग्राहक या सुऱ्यांना ‘वसाहतीतला माल’ म्हणून बाजूला ठेवत आले. आपल्या शहरातल्या कारागिराने परदेशी गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे घडवलेलं, त्याने पैसे मोजून घेतलेलं आणि समुद्रापार नेलेलं काम आहे ते. बोदराजच्या घराण्याबद्दल, भट्टीबद्दल कुणी जुनी माहिती गोळा केली तर ते अनेक सुऱ्यांपेक्षा मोलाचं होईल. खाजगी खुकऱ्यांचंही असंच. मुठीवर चांदीची टोपी आणि आद्याक्षरं असलेली खुकरी बहुधा मापाप्रमाणे सांगून करून घेतलेली.

कायद्याचं काय?

ब्रिटनमध्ये राहत असाल तर: मुठीत धरून ठोसा मारायचे सुरे आणि बोटांच्या कड्यांचं कुठलंही हत्यार विकणं किंवा आयात करणं 1988 च्या कायद्याखालच्या आदेशाने बंद आहे. 2019 च्या कायद्यानंतर, जुलै 2021 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ते घरात ठेवणंही गुन्हा झाला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट आहे. याचा अर्थ 1916 चा रॉबिन्सचा सुरा चालतो, 1941 चा कड्यांचा सुरा नाही. म्हणजे काळ ठरवणं हा तिथे निव्वळ अभ्यासाचा विषय राहत नाही. साधा फेअरबर्न-साइक्स या यादीत येत नाही, पण तो घेऊन रस्त्यावर फिरता येणार नाही.

भारतात 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम बघा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं, घरकाम किंवा शेतीसाठी नसलेलं हत्यार त्यांत शस्त्र म्हणून धरलं आहे. फेअरबर्न-साइक्सचं पातं सुमारे 7 इंच, वेल्श सुऱ्याचं कितीतरी मोठं. आयातीला परवान्याचं कलम वेगळं आहे, म्हणून मागवण्याआधी कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात, तेव्हा सुरा घराबाहेर नेणं टाळाच. आणि बोदराजसारखी शंभरीपार वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरू शकते. ती परदेशी पाठवणं मनाई आहे. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही.

पावसाळ्यात सुरा कसा जपायचा?

म्यानातून बाहेर काढून. जुन्या चामड्यात कमवण्याचे रसायन शिल्लक असतं, ते दमट हवेत पात्याला आणि पितळेला खातं. मुंबई-कोकणात जूनमध्ये म्यानात ठेवलेला सुरा दिवाळीला काढलात तर पात्यावर म्यानाचा नकाशा उमटलेला असेल. पातं आणि म्यान शेजारी ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्याने बदला. पात्यावर बारीक मेणाचा थर लावा. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ मेण उत्तम. खोबरेल तेल नको. चामड्यावर बुरशी आली तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका, उन्हात वाळवू नका, म्यान आवळतं. म्यानाच्या तोंडाशी परजेचा दाब उमटलेला असतो, तो सुरा आणि म्यान मूळ जोडीचे असल्याचा पुरावा आहे. चामडं आवळलं की तो जातो.

घासून लख्ख करू का? धार लावू का?

नाही. दोन्हीला नाही.

गुंतवणूक म्हणून बरं का?

मी तशी सांगणार नाही. नकला वाढल्या की खऱ्यालाही गिऱ्हाईक घाबरतं, आणि एखाद्या देशाचा कायदा बदलला की रातोरात वस्तू विकता येत नाही.

विकत न घेता कुठे बघता येतील?

लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम, चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम आणि लीड्सची रॉयल आर्मरीज. तिघांचेही संग्रह इंटरनेटवर चांगल्या छायाचित्रांसह बघता येतात. पहिली खरेदी करण्याआधी सहा महिने फक्त छायाचित्रं बघा. डोळा तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आमच्या पणजोबांच्या ट्रंकेत असा एक सुरा निघालाय. काय करू?

हात लावण्याआधी ट्रंकेत तो जसा होता तसा फोटो काढा, शेजारच्या वस्तूंसकट. पट्टा, पासबुक, पत्र, बटण, काहीही फेकू नका. गंज दिसला तरी पुसू नका. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, आत्या असेल, चुलत आजी असेल, आणि सुऱ्याबद्दल विचारू नका, पणजोबांबद्दल विचारा. कोणत्या पलटणीत होते, कुठल्या बोटीने गेले, कोणत्या साहेबाचं नाव घ्यायचे. फोनवर ध्वनिमुद्रण करा, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. पुष्कळदा असे सुरे साहेबाने निघताना दिलेले असतात, आणि त्या साहेबाचं नाव आत्याच्या तोंडी चुकलेल्या उच्चारात टिकून असतं. तो उच्चार जसा आहे तसाच लिहून ठेवा. अभिलेखागारात नाव शोधताना तो कामाला येतो.